ताजमहालासमोरच्या दोघी

मौलाच्या घरात ताजमहाल होता आणि त्या ताजमहालासमोर त्याची बायको दोनदा उभी होती. एकदा हौदाच्या डाव्या अंगाला, एकदा उजव्या. दोन्हीकडे पाठमोरी, डोक्यावर पदर, मान जराशी कललेली. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्या अरुंद खोलीत नवा माणूस आला की विचारायचाच, "मौलाचाचा, ह्या दोन बाया कोन?" मौला सांगायचा, "एकच हाय." विचारणारा मग एकदा भिंतीकडे बघायचा, एकदा मौलाकडे बघायचा आणि निमूट चहा पिऊन निघून जायचा.

भिंतीवरचं ते सोलापुरी वॉल हँगिंग मौलाच्याच हातचं. म्हणजे विणलं मागानं, पण चित्र त्याचं. लोकांना वाटतं, चादरीवरचा मोर विणणाऱ्याच्या बोटांतून उतरतो. तसं काही नसतं. आधी कुणीतरी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवत चित्र काढतो. त्या घरांबरहुकूम पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, पुठ्ठ्यांची माळ मागाच्या डोक्यावर चढवायची. मग भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि मोर पिसारा फुलवतो. मौला चित्रही काढायचा आणि भोकंही पाडायचा. चन्नप्पा शेठच्या कारखान्यात एका खिडकीपाशी त्याचं मेज होतं, आणि त्या मेजावर त्याच्या डोळ्यांचा नंबर वाढत गेला.

ताजमहालाचं काम आलं की कारागीर खूश असायचा, कारण ताजमहाल निम्माच काढायचा असतो. डावीकडे दोन मिनार तर उजवीकडेही दोनच. डावीकडे झाडांची रांग तर उजवीकडेही रांग. मागावरचे दोरे असे बांधायचे की डावीकडचा धागा उचलला गेला की त्याच्या जोडीचा उजवीकडचाही उठावा. कागद निम्मा, पुठ्ठे निम्मे, आणि इमारत मात्र अख्खी. शहाजहानला जे उभारायला वीस-बावीस वर्षं लागली, ते मौला महिन्याभरात उरकायचा आणि वर चन्नप्पाच्या शिव्या खायचा, की एवढा वेळ कशाला लागतो.

लग्न झालं तेव्हा मौला कारखान्यात नवाच होता. कमरबी करकंब खेड्यातली. घरात सासू दखनी बोलायची, पण कमरबीच्या तोंडी गावची मराठीच. नवरा दिवसभर काय करतो, हे तिला काही केल्या उमगेना. एकदा त्यानं कागद घरी आणून दाखवला. दिल्लीच्या व्यापाऱ्यासाठी मोठा ताजमहाल चालू होता. कमरबीनं तो बराच वेळ निरखला आणि म्हणाली, "एवढी थोरली जागा आन् माणूस कसं न्हाय एक बी? मला उबी करा की तितं."

मौलानं उभी केली. तोंड काढायचं नाही, चेहरा काढणं बरं नव्हे, असं त्याच्या आईचं मत. म्हणून पाठमोरी काढली. कुणाच्या लक्षात येणार नाही एवढीशी, हौदाच्या काठाला. चार-पाच दिवस तो नुसता तेवढ्यातच गुंग होता. पदराचा काठ जमला, मानेचा कल जमला. नव्या नवरदेवाच्या डोक्यात एवढं सगळं मावलं, फक्त एक गोष्ट मावली नाही, की हा कागद निम्मा आहे.

पहिला नमुना मागावरून उतरला तेव्हा चन्नप्पानं तो उजेडात धरला. डावीकडे एक बाई, उजवीकडे एक बाई. चन्नप्पा मूळचा अक्कलकोटकडचा, रागावला की कानडीत जायचा; त्या दिवशी तो बराच वेळ कानडीतच होता. पुठ्ठे पुन्हा पाडावे लागले. शेवटी त्यानं ते कापड मौलाच्या अंगावर फेकलं आणि मराठीत म्हणाला, "घेऊन जा घरी तुझ्या दोघींना."

मौला खाली मान घालून घरी आला. कमरबीनं कापड उलगडलं आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. हसू आवरल्यावर तिनं विचारलं, "अवो, ह्यातली खरी कंची?"

"डावी. डावी मी काढली. उजवी मागानं काढली."

"आन् म्हातारपनी इसरला तर?"

"बायको इसरतंय व्हय कोन?" मौला म्हणाला.

तेव्हापासून त्या घरात ती एक रीतच पडून गेली. कमरबी रुसली की भिंतीकडे बोट करून म्हणायची, "आज मी उजवी हाय. च्या तुमचा तुमी करा." मग मौला चहा करायचा, तिला बशीत ओतून द्यायचा आणि विचारायचा, "आता कंची?" कधी ती तेवढ्यावर डावी व्हायची, कधी दोन-दोन दिवस उजवीच राहायची. मुलगी माहेनूर मोठी झाली तीही शाळेतून येऊन आधी विचारायची, "अम्मी आज कंची हाय?" आणि उत्तर ऐकून मगच दप्तर ठेवायची.

माहेनूरचं लग्न झालं, ती हैदराबादेस गेली, आणि दोघं पेठेतल्या लोकांबरोबर अजमेरच्या दर्ग्याच्या जियारतीला निघाली. परतीच्या वाटेवर आग्रा होतं. ज्याचे कितीतरी निम्मे नमुने मौलानं काढले होते, तो अख्खा ताजमहाल त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला तो थोडाच. त्याची नजर धाग्यांचीच. तो डावं-उजवं ताडून बघत चालला होता. सोबतच्या वाटाड्यानं सांगितलं, मिनार सरळ नाहीत, जरा बाहेरच्या अंगाला झुकवलेले आहेत. भूकंप झालाच तर कबरीवर न पडता पलीकडे पडावेत म्हणून. पश्चिमेला मशीद आहे, आणि पूर्वेला हुबेहूब तशीच दुसरी इमारत. पण तिथं नमाज होत नाही. तिचं तोंड भलतीकडे. ती नुसती जोडीला म्हणून बांधली, तिला जवाब म्हणतात. मौला हसला आणि कमरबीला हळूच म्हणाला, "बादशानं बी दोरे बांधूनच काम केलंय."

आत घुमटाखाली गर्दी होती. जाळीच्या आत बरोबर मधोमध मुमताजची कबर, आणि तिच्या शेजारी, एका अंगाला, शहाजहानची. अख्ख्या ताजमहालात जोडीचा जवाब नसलेली तेवढी एकच वस्तू, वाटाड्या म्हणाला. त्याला नंतर आणून इथं ठेवलं, म्हणून बेत बिघडला. मौलाला मात्र ते बिघडलेलं वाटलं नाही. सगळा बेत मोडून माणूस बायकोशेजारी जाऊन पडला, एवढंच त्याला दिसलं.

कमरबी जाळीपाशी डोळे मिटून, हात उचलून मेलेल्यांसाठीची फातिहा पढत होती. तिची फातिहा होईतो वाटाड्या थांबला, आणि मग म्हणाला की ह्या वरच्या कबरी रिकाम्या आहेत. खऱ्या खाली तळघरात. तिथं लोकांना सोडत नाहीत, वर्षातून एकदा उरुसाला तेवढे उघडतात. आणि मुमताज काही आग्र्यात गेली नाही. ती गेली बुऱ्हाणपुरात, बाळंतपणात. आधी तिथं पुरली, मग तिथून उकरून आग्र्याला आणली, तेही बागेत तात्पुरती ठेवली, आणि मग इथं.

कमरबीचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर ती संगमरवरी पायरीवर बसली. मौलाला वाटलं, पाय दुखत असतील. मग ती म्हणाली, "मेल्यावर बी बाईला दोनदा जागा बदलाय लावली. आन् मी रिकाम्या दगडाला रडले."

"पोचतीया की फातिहा. खालीच तर हाय ती."

"तसं न्हाय." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "मला असलं काई नको. मातीचाच ढीग पुरं. पन तुमी याल तवा माज्याच उशाला या. दुसरीकडं बसून रडू नका."

मौलानं होकार दिला. असले होकार देताना माणसाचं काय जातं? त्याला वाटलं होतं, आधी आपणच जाणार.

करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात ते झालं. कमरबीला ताप आला, श्वास पुरेना, तिला गाडीतून नेलं. मौलाचीही तपासणी झाली आणि त्याला शहराबाहेरच्या विलगीकरणात ठेवलं. तिथल्या खिडकीतून एक बाभळ दिसायची. त्या बाभळीकडे बघत असतानाच त्याला नईमचा फोन आला. नईम गल्लीतला पोरगा, वायरिंगची कामं करणारा. त्या दिवसांत सख्खे भाऊ प्रेताजवळ जायला भीत होते, तेव्हा नईम आणि त्याचे दोन-तीन दोस्त अंगावर प्लास्टिकचे झगे घालून अनोळखी लोकांना मातीआड करत होते. नईम म्हणाला, "चाचा, चाची गेली. आमी करतो सगळं. तुमी काळजी करू नका." हातातला चहा गार होईपर्यंत मौला तसाच धरून बसला.

सुटून आल्या आल्या तो घरी न जाता नईमकडे गेला आणि नईमनं त्याला कबरस्तानात नेलं. त्या कबरस्तानात पक्की कबर बांधू देत नाहीत, जमातीचा जुना नेम. सगळे मातीचेच उंचवटे, उशाला एखादा ओबडधोबड दगड. कोपऱ्यात एक लिंब आणि लिंबाखाली शेजारीशेजारी दोन ताजे उंचवटे. पायथ्याला उभं राहिलं की एक डावीकडे, एक उजवीकडे. नईमनं डावीकडे हात केला. मौलाच्या छातीत कळ आली आणि त्या कळीतही एक वेडं समाधान आलं, की डावी आहे, खरी आहे.

तिथून पुढे प्रत्येक जुम्मेरातीला, दर गुरुवारी, तो जाऊ लागला. तोवर चन्नप्पा वारला होता, पोरानं जुने माग भंगारात घातले होते, आणि चित्रं आता संगणकावर निघत होती. मौला एका टॉवेलच्या कारखान्यात शिवून आलेल्या टॉवेलांचे लोंबते धागे कापायचा. आयुष्यभर धागा उचलला, म्हातारपणी कापतोय, असं तो स्वतःच म्हणायचा. जुम्मेरातीला कारखान्यातून लवकर निघून, कळशीभर पाणी घेऊन तो लिंबाखाली यायचा. डाव्या कबरीवर त्यानं सब्जा लावला होता, तुळशीच्या जातीचं ते सुवासिक रोप. सब्जाला पाणी घालून तो उशाला बसायचा आणि गल्लीतल्या बातम्या सांगायचा. कधीकधी शबे-बारातनंतर, कबरींवर फुलं वाहायच्या त्या रात्रीनंतर, तिथं सुकलेल्या गुलाबाच्या पाकळ्या दिसायच्या. कुणीतरी भला माणूस टाकून गेला असेल, असं त्याला वाटायचं. उजवीकडच्या कबरीकडे कुणी फिरकत नसे. ती वाळून, भेगाळून गेली होती. एकदा-दोनदा कळशीत उरलेलं पाणी त्यानं तिच्यावर ओतलं, बिचारीचं कुणी नाही म्हणून.

यंदा शबे-बारातच्या दुसऱ्या दिवशी तो सकाळीच गेला, तर डाव्या कबरीपाशी एक बाई बसली होती. तिशी-बत्तिशीची, बुरख्याचा पडदा वर केलेला, मांडीवर गुलाबाची पुडी. बायकांनी कबरस्तानात यावं की नाही, यावर जमातीत दोन मतं आहेत. ही कुणाचं मत विचारायला थांबली नसावी. ती ओक्साबोक्शी रडत होती. मौला दूर थांबला. रडणं ओसरल्यावर जवळ जाऊन म्हणाला, "बेटी, चुकून बसलीस. ही माज्या बायकूची हाय."

तिनं वर पाहिलं. "न्हाय चाचा. माज्या अम्मीची हाय."

तिचं नाव राहत. मंगळवेढ्यात दिली होती, नवऱ्याचं तिथं चपलांचं दुकान. तिची आई त्याच उन्हाळ्यात, कमरबी गेली त्याच दिवशी गेली होती. राहत गावात अडकलेली. रस्ते बंद, एसटी बंद. भावाला एका पोरानं जागा दाखवली, भावानं फोटो काढून पाठवला. पुढे भाऊ सौदीला गेला. राहत वर्षातून एकदा येत होती, फोटोतला लिंब आणि फोटोतली डावीकडची कबर बघून. तिनं मोबाईल पुढे केला. मौलानं चष्मा पुसून पुसून फोटो पाहिला. लिंब तोच. डावी तीच.

"सब्जा कोन लावतंय, मला कळतच नव्हतं," राहत म्हणाली. "मला वाटायचं, हितला राखनदार असंल."

मौला तडक नईमकडे गेला. नईम शिडीवर चढून कुणाच्या तरी घरचा पंखा बसवत होता. मौलाचा चेहरा बघून तो खाली उतरला. प्रश्न ऐकला आणि पकड हातात फिरवत उभा राहिला.

"दोघी एकाच गाडीतनं आल्या, चाचा," तो शेवटी म्हणाला. "वावटळ सुटली व्हती, डोळ्यात माती. आतनं चष्म्यावर वाफ, काई दिसंना. दोघींस्नी उतरवलं, दोघींची नमाज केली. डावी कोन, उजवी कोन, ते देवालाच ठावं. तुमी सुटून आला, तुमचं तोंड बघवंना. कुटं हाय म्हनून इचारलं, मी हात केला. न्हाय ठावं, असं कसं सांगू?"

मौलाला आधी संताप आला. मग त्याला आठवलं की ज्या दिवशी कमरबीला हात लावायला सख्खं कुणी नव्हतं, त्या दिवशी ह्या पोरानं तिला उचललं होतं. त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "खांदा तू दिलास, बाबा. लई झालं." आणि तो परत फिरला.

राहत पुढच्या जुम्मेरातीला पुन्हा येणार होती, विचारून ठेवा म्हणाली होती. तो आठवडा मौलाला जाता जाईना, त्यानं तो ढकलला. भिंतीवरच्या दोघींकडे बघत तो पडून राहायचा. इतकी वर्षं आपण गल्लीतल्या बातम्या कुणाला सांगितल्या? आणि ज्या वाळल्या कबरीवर आपण कीव करून उरलेलं पाणी ओतलं, तीच कमरबी असली तर? नवरा शेजारी येऊन दुसरीच्या उशाला बसतो, आणि जाताना तिच्या अंगावर खालचं गढूळ पाणी टाकतो. हे मनात आलं की त्याला जेवण जाईना. आग्र्याच्या त्या पायरीवर तिनं एकच गोष्ट मागितली होती.

जुम्मेरातीला राहत आली. या वेळी बरोबर लेक होती, सात-आठ वर्षांची, फ्रॉकच्या खिशात हात घालून आजीच्या कबरीकडे बघणारी. नईमनं सांगितलेलं मौलाच्या ओठावर होतं. खरं ते सांगून टाकायचं, दोघांनी मिळून दोन्हीकडे फातिहा पढायची, असं त्यानं येताना ठरवलं होतं.

राहतनं त्याला बोलू दिलं नाही. ती उभ्याउभ्याच म्हणाली, "चाचा, मला मरताना तिचं तोंड दिसलं न्हाय. माती द्यायला मिळाली न्हाय. हितं येऊन रडायचं, एवढंच माज्या वाट्याला आलं. तेवढंच सांगा. इतकी वर्सं मी दुसऱ्याच्याच उशाला रडले व्हय?"

मौलानं तिच्याकडे पाहिलं आणि त्याला पायरीवर बसलेली कमरबी दिसली. तोच उतरलेला चेहरा. ठरवलेलं सगळं तिथंच राहिलं.

"न्हाय," तो म्हणाला. "डावी तुज्या अम्मीचीच हाय. मीच चुकलो. मी इचारून आलो. माजी ती, उजवी."

"नक्की?"

"बायको इसरतंय व्हय कोन?"

राहत रडता रडता हसली, आणि लेकीला घेऊन सब्जापाशी बसली. तिनं एक पान तोडून लेकीच्या नाकाशी धरलं. सब्जा तसाच राहू दे, मी पाणी घालत जाईन तुज्या अम्मीला बी, असं मौला म्हणाला आणि कळशी उचलून उजवीकडे गेला. तिथं बसायला धड जागा नव्हती, तरवडाचं झुडूप माजलं होतं. ते त्यानं हातानं बाजूला केलं. कळशी भरलेली होती. सगळी त्यानं उजव्या कबरीवर रिती केली. माती इतकी तापलेली होती की पाणी मुरेना, भेगांवरून ओघळत त्याच्या चपलेपर्यंत आलं.

मायलेकी दिसेनाशा होईपर्यंत तो उशाला ताठ बसून राहिला, पक्कं माहीत असलेल्या माणसानं बसावं तसा. त्या गेल्यावर त्यानं डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे पाहिलं. घरातला जुना प्रश्न त्याच्या तोंडावर आला, आणि त्यानं तो विचारलाही, अगदी हळू.

"आज कंची हायेस गं?"

उत्तर यायला तो बराच वेळ थांबला. मग रिकामी कळशी घेऊन उठला, आणि पुढच्या जुम्मेरातीपासून दोन कळश्या आणायला लागला.